एकसष्ट नंबरचं उत्तर

५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. नमस्कार.

फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी 'खाडी, खाडी' म्हणत होते आणि तू 'कुठली गाडी घेतलीस?' विचारत होतास. चाळीस वर्षं बोटींच्या इंजिनांत डोकं घातल्यावर कान राहणार कुठून. म्हणून पत्र.

काम आहे. तुमच्या बंदराची वाढ करायचं घाटतंय हे तुला माझ्याआधी कळलं असेल. त्यासाठी खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा भराव घालून बुजवायचाय. परवानगी देणाऱ्या समितीनं विद्यापीठातल्या आमच्या विभागाला विचारलंय, पट्टा गेला तर नुकसान किती? आणि म्हणे आकड्यात सांगा. ते आलं माझ्या माथी.

अर्धं काम मी इथे बसून करीन. माशांची पिल्लं त्या चिखलात वाढतात, मोठी होऊन बाहेर पडतात, त्यातली किती जाळ्यात येतात हे काढता येतं. पण पट्टा नुसता असण्याचंही माणसांना काही मोल वाटत असतं. ते बाजारात विकत नाहीत, म्हणून त्याला भाव नाही. ते घरोघर जाऊन विचारूनच काढावं लागतं. प्रश्न एकच: 'हा पट्टा आहे तसा राखण्यासाठी तुम्ही वर्षाला जास्तीत जास्त किती रक्कम द्याल?'

गावच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून एकशेवीस माणसं काढली आहेत. अनोळखी मुलगी वही घेऊन दारात उभी राहिली तर तुमचे लोक दार लावून घेतील. तू मामाचा मुलगा, तुझ्या हाताखालून न गेलेलं इंजिन त्या गावात नाही. तू विचारलंस तर बोलतील. मानधन थोडंच आहे, पण आहे. फॉर्म एप्रिलच्या आत हवेत, मे महिन्यात सुनावणी.

खरं सांगू, दमलेय. असे दोन अभ्यास केले. एक कपाटावर पडलाय, दुसरा कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. हा तिसरा. यानंतर मी काही करीन असं वाटत नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
बारकी

---

१९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद.

तीस फॉर्म सोबत पाठवतोय. तुझा प्रश्न दिसतो साधा, पण विचारताना नाकी नऊ येतात.

पहिलीच निघाली जाळी विणणारी. तिनं प्रश्न ऐकला, सुई खाली ठेवली आणि विचारलं, पैसे द्यायचे कुणाला? मी म्हटलं, कुणाला नाही, नुसतं समजायचं. तर म्हणाली, नुसतं समजायचं तर मी गावचं बंदरच देते, लिही. शेवटी मात्र म्हणाली की पैसे नाहीत, महिन्यातले दोन दिवस देईन. पट्ट्यावर अडकलेला प्लॅस्टिकचा कचरा काढीन, फाटकी जाळी ओढीन. तुझ्या फॉर्मवर दिवसांना जागा नाही. समासात लिहिलंय. तिच्यामागून आणखी अकरा जणांनी दिवसच सांगितले.

दुसरी भानगड माझ्या कानांची. उत्तर मला ओरडून द्यावं लागतं. ते शेजारच्या घरात जातं. मग शेजारी तेवढंच सांगतो, किंवा चुरशीनं थोडं जास्त. एका गल्लीत आकडा घरागणिक चढत गेला. आता मी एक गल्ली सोडून एक घेतो.

माझा जुना दोस्त, दोन ट्रॉलरांचा मालक, म्हणाला शून्य. बंदर मोठं झालं तर त्याला ओहोटीत तासन्‌तास बाहेर ताटकळावं लागणार नाही. वर मला म्हणाला, तू त्या चिखलाचा वकील कधीपासून झालास? मी शून्य लिहिलं. हात जरा जड झाला.

तुझी वहिनी बरी आहे. हल्ली लवकर दमते, एवढंच. शिंपले काढायला पट्ट्यावर रोज जायची, आता एक दिवसाआड जाते.

दादा

---

२ मार्च

ती. दादास,

फॉर्म मिळाले. इतके जिवंत फॉर्म मी आजवर पाहिले नव्हते. समासातलं सगळं दोनदा वाचलं.

दिवसांचं काय करायचं ते मलाही कळत नाही. विभागप्रमुख म्हणाले, दिवसाच्या मजुरीनं गुणा. पण जाळी विणणारीनं मजुरी कुठे देऊ केली? तिनं स्वतः येणं देऊ केलं. तू लिहीत राहा, मी बघते.

दोन गोष्टी. कुणी उत्तर द्यायला नाही म्हटलं तर 'नकार' लिही, गळ घालू नकोस. आणि ट्रॉलरवाल्याचं शून्यही मला तितकंच हवंय. तुझा हात जड होऊ देऊ नकोस.

आणखी एक. चिठ्ठ्यांत वहिनीचंही नाव निघालंय, एकसष्ट नंबर. तिला विचारताना तू तिचा नवरा नाहीस असं समज. जमेल?

बारकी

---

२८ मार्च

चि. बारकी,

उरलेले नव्वद फॉर्म सोबत आहेत. सगळे झाले. काही राहिलं असेल असं वाटत नाही. इकडे सर्व ठीक.

दादा

---

१६ एप्रिल

ती. दादास,

तुझं पत्र तार आल्यासारखं होतं. कंटाळला असशील. पण काम काय केलंस! सगळे फॉर्म यंत्रात भरले. माझ्या अपेक्षेपेक्षा आकडा बराच वर आलाय. माशांचं मोल आणि लोकांनी सांगितलेलं मोल एकत्र केलं तर भराव घालणं बंदराला परवडत नाही, असं स्पष्ट दिसतं. कच्चा आकडा आधी कळवला, तर समितीच्या अध्यक्षांनी स्वतः फोन करून विचारलं की हे खरंच इतकं आहे का. मी म्हटलं, आहे.

तू शेवटी शेवटी चांगला तरबेज झालास. नंतरच्या फॉर्मांत ना खाडाखोड, ना समासात काही, ना एकही नकार. सगळे एकाच पेनानं, एका बैठकीत लिहिल्यासारखे. समासातल्या गोष्टी नाहीत याचं थोडं वाईट वाटलं, पण यंत्राला हेच आवडतं.

वहिनीला सांग, एकशेवीस जणांत सगळ्यांत मोठी रक्कम तिची आहे. मला आश्चर्य वाटलं नाही. तीस वर्षं त्या चिखलानं तिला पोसलंय.

अहवाल वीस तारखेला देतेय. कित्येक वर्षांनी काही देताना बरं वाटतंय.

बारकी

---

२४ एप्रिल

प्रिय आत्या,

बाबांना न सांगता लिहितेय. परवा गावी गेले होते, तेव्हा तुझं पत्र मी आईला वाचून दाखवत होते. मोठ्या रकमेचं वाचलं तेव्हा ती बघतच राहिली. तिला काही आठवत नाही. पण त्या दिवसांतलं तिला फारसं काहीच आठवत नाही, म्हणून तुला कळवावं असं वाटलं.

नऊ मार्चला आई पट्ट्यावरून येताना वाटेत कोसळली. उजवी बाजू गेली होती. पंचवीसपर्यंत ती इथे माझ्या शहरात, रुग्णालयात होती. पहिले दहा दिवस शुद्धीत नसल्यासारखीच. आता बोलते, अडखळत का होईना. काठी घेऊन मोरीपर्यंत जाते. डॉक्टर म्हणाले, चिखलात परत उतरणं नाही.

बाबा म्हणाले, बारकीला कळवू नकोस, ती काम काढून दुसऱ्याला देईल, किंवा सगळं टाकून इथे येऊन बसेल. तो माणूस सतरा दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावरून हलला नाही. तुझे फॉर्म मांडीवर घेऊन दिवसभर लिहीत असायचे. नर्सना वाटलं शिक्षक आहेत, पेपर तपासतायत. त्यांना 'मास्तर' म्हणायला लागल्या.

तुझ्या कामानं त्यांना तेवढा आधार झाला, त्याबद्दल तुझे आभार मानायचे होते.

तुझी भाची

---

२९ एप्रिल

ती. दादास,

वहिनीचं कळलं. त्याबद्दल नंतर लिहीन, आत्ता हात चालत नाही.

एकसष्ट नंबरच्या फॉर्मवर तारीख चौदा मार्च आहे. स्थळ, राहतं घर. वेळ, दुपारी चार.

असे किती, दादा? फक्त आकडा कळव.

बारकी

---

४ मे

चि. बारकी,

त्रेचाळीस.

आकडा मागितलास, दिला. आता थोडं लिहू दे.

सत्त्याहत्तर फॉर्म खरे आहेत. ते मी दारोदार फिरून भरले. मग ती पडली. रुग्णालयात दोनदा आत सोडत, सकाळी आणि संध्याकाळी, अर्धा अर्धा तास. उरलेला दिवस बाक. डॉक्टर काय बोलतात ते मला ऐकू येत नव्हतं, मुलगी कामावर असली की समजावून सांगायलाही कुणी नाही. त्यांची तोंडं हलताना बघत बसायचो. पिशवीत तुझे फॉर्म होते. पहिल्या दिवशी एक काढला, बर्फ कारखान्यावरच्या माणसाचा. मनात म्हटलं, याला तर मी तीस वर्षं ओळखतो. हा काय म्हणेल ते मला माहीत आहे. लिहिलं. मग दुसरा काढला.

फसवायचं मनात नव्हतं असं म्हणू का? म्हणवत नाही. सुरुवातीला जो तो जे म्हणाला असता तेच लिहीत होतो. मग वाटायला लागलं, हे लोक आत्ता कंजूषपणा करतील, पण पट्टा गेल्यावर हळहळतील. तेव्हा थोडं चढवून लिहिलं. पुढे आणखी थोडं. तुझी वहिनी आत पडलेली आणि बाहेर मी लोकांच्या नावानं खाडी वाचवत बसलेलो.

तिचा फॉर्म हातात आला तेव्हा बराच वेळ धरून बसलो. मग मनाला येईल तेवढी रक्कम टाकली. मला वाटलं, ती उठेल तेव्हा तिला तिचा पट्टा जागेवर दिसायला हवा.

तुझं नाव खराब झालं. मानधन परत पाठवतो. समितीला माझं नाव सांग.

दादा

---

९ मे

ती. दादास,

मानधन पाठवू नकोस. मी परत करीन, तू परत पाठवशील, आणि टपालखात्याचं तेवढं भलं होईल.

काल समितीपुढे जाऊन अहवाल मागे घेतला. तुझं नाव सांगितलं नाही. काम माझं, सही माझी. अध्यक्ष चष्मा काढून पुसत बसले. बंदराचा वकील हसला. त्याला हसायचा हक्क होता.

आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी मला समजावलं. म्हणाले, त्रेचाळीस गुपचूप गाळा, सत्त्याहत्तरावर आकडा काढा, असे फॉर्म कोण तपासतं? मी तो काढूनही पाहिला. पण तू जुन्या गावातल्या गल्ल्या आधी घेतल्यास. उरलेली त्रेचाळीस घरं जवळजवळ सगळी नव्या वसाहतीतली आहेत, बंदरावर नोकरी करणारी. ती गाळली तर गावाच्या एका अख्ख्या बाजूचं तोंड बंद केल्यासारखं होईल.

आता माझं ऐक. एकाच पेनानं, एका बैठकीत, हे माझ्याच पत्रात मी लिहिलं होतं. तीस वर्षं हेच काम करतेय. विद्यार्थ्यानं असे फॉर्म आणले असते तर पाच मिनिटांत पकडलं असतं. मी पकडलं नाही, कारण आकडा मला हवा तसा होता. तू बाकावर बसून लिहिलंस, मी खुर्चीत बसून मान्य केलं. तुझ्यापाशी निदान कारण होतं.

समितीनं तीन आठवडे दिलेत. तेरा तारखेला येतेय. त्रेचाळीस दारं आपण दोघं फिरू. तू ओळख करून द्यायचीस आणि बाहेर थांबायचंस, विचारणार मी. वहिनीला मी एकटी भेटेन.

बारकी

---

१२ जून

ती. दादास,

परत आल्यापासून पाय दुखतायत. नव्या वसाहतीचे जिने मोजायला हवे होते. पण सगळी दारं झाली, आणि तू प्रत्येक दारी 'मागच्या वेळी मी आलो नव्हतो, तरी आलो असं लिहिलं' असं स्वतःहून सांगितलंस, ते मी विसरणार नाही. मी तुला तसं सांगितलं नव्हतं. बर्फ कारखान्यावरच्यानं बाहेर येऊन तुला चहा पाजला आणि तुझ्या कानात ओरडून शून्य सांगितलं, तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आकडा पहिल्यापेक्षा तिसऱ्या हिश्शानं खाली आलाय. भरावाच्या फायद्याशी तो आता जेमतेम बरोबरी करतो. मी तसंच लिहिलंय. दिवसांचं वेगळं पान जोडलंय, मजुरीनं न गुणता: इतक्या माणसांनी इतके दिवस देऊ केले. समिती त्याचं काय करायचं ते करो.

आता जे लिहायचं लांबवत होते ते. उत्तरं कुणाची कुणाला सांगायची नसतात. पण वहिनी म्हणाली, 'त्यांना सांग. मी सांगायला गेले तर ओरडावं लागेल, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. तू लिहून सांग.'

तू बाहेर ओट्यावर होतास. ती खिडकीशी खुर्चीत होती, तिथून ओहोटीत पट्टा दिसतो. मी प्रश्न वाचला. तिनं इतका वेळ घेतला की मला वाटलं तिला समजलं नाही. मी परत वाचायला लागले तर डाव्या हातानं थांबवलं.

म्हणाली, 'काही नाही.'

मी विचारलं, काही नाही म्हणजे नकार की शून्य?

'शून्य लिही. बुजवू देत.' मग थांबत थांबत, शब्द शोधत बोलली. 'तीस वर्षं कमरेत वाकून उभी राहिले मी त्यात. थंडीत पाय बधिर व्हायचे, बोटं कापायची. घरी येऊन पहिलं काम काय, तर नखांतला चिखल काढणं. लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूबाईंनी टोपली दिली. मला कुणी विचारलं नव्हतं.'

मी म्हटलं, दादाला वाटतं तुझा जीव आहे त्या पट्ट्यावर.

ती हसली. अर्धाच चेहरा हसतो आता. म्हणाली, 'त्यांना आवडतो तो. काठावरून छान दिसतो.' मग म्हणाली, 'वाईट मनानं नाही केलं त्यांनी. पण मी जिवंत होते. थांबायचं होतं चार दिवस.'

मी शून्य लिहिलं, दादा. आणि माझाही हात जड झाला.

वहिनीच्या तब्येतीचं आणि तुझंही कळवत राहा. मी पुढच्या वर्षी सेवानिवृत्ती घेतेय, आजच अर्ज दिला. राग नाही, त्रागा नाही. पुरे झालं, इतकंच.

बारकी

---

३ सप्टेंबर

चि. बारकीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं त्या दिवशी वाचलं, घडी घातली, आणि घरात वावरणं कठीण झालं. तिला कळलं की मला कळलंय. असे आठ-दहा दिवस गेले.

एकदा तिचे पाय चोळत होतो. डॉक्टरांनी तेल लावून चोळायला सांगितलंय, ते काम माझ्याकडे. टाचांना जुन्या भेगा आहेत, काही हाडापर्यंत गेलेल्या वाटतात. मी इतकी वर्षं इंजिनांचे नट-बोल्ट हातानं ओळखत आलो, हे पाय काही मी कधी नीट पाहिले नव्हते. तिला म्हटलं, टोपली नको वाटत होती तर बोलली का नाहीस? ती काही म्हणाली, मला ऐकू आलं नाही. कान तोंडाजवळ नेला. म्हणाली, 'बोलले होते. दोनदा. इंजिन चालू होतं.'

मी चोळत राहिलो.

समितीचा निकाल तुला माझ्याआधी कळला असेल. पट्ट्याची उत्तरेकडची बाजू राखायची, दक्षिणेकडची भरायची. ट्रॉलरवाला म्हणतो निम्मं बंदर काय कामाचं, जाळी विणणारी म्हणते निम्मा पट्टा काय कामाचा. दोघंही मला धरतात, जसा काही मीच सुरी घेऊन कापला. पण जाळी विणणारी उत्तर बाजूला जायला लागली आहे. महिन्यातले दोन दिवस. तिच्यासोबत सात-आठ जणं असतात. तुझ्या वेगळ्या पानावर किती लिहिली होतीस कोण जाणे, येतात एवढीच. मीही जातो. गुडघ्याच्या वर चिखल लागला की दम लागतो, अर्ध्या तासात बाहेर येतो. घरी येऊन नखं साफ करायला तेवढाच वेळ जातो.

सोमवारपासून भरावाचे ट्रक सुरू झाले. आमच्या खिडकीतून दक्षिण बाजूच दिसते. पहिला ट्रक रिकामा झाला तेव्हा मी तुझ्या वहिनीकडे बघितलं. डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटत होतं. पाणी नव्हतं. आनंदही नव्हता. ती भाजी निवडत होती, डाव्या हातानं, एकेक पान. थोड्या वेळानं म्हणाली, धूळ येतेय, खिडकी लावा. मी लावली.

मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, तुला काय हवंय? म्हणजे खिडकीचं नाही, एकंदरीत.

तिनं पान खाली ठेवलं. विचार करत होती. माझ्या डोक्यात दोन-तीन उत्तरं तयार होती, मुलीकडे जायचंय म्हणेल, नाहीतर मागच्या खोलीत खाट टाका म्हणेल. ओठांवर आलं होतं. बोललो नाही.

अजून तिनं सांगितलेलं नाही. आज चौथा दिवस. मी विचारलेलं आहे, तिच्या लक्षात आहे, हे दिसतं. मी थांबलोय.

तुझा,
दादा